मनिषानं उकललेलं टर्फ

मनिषाला राग लवकर येतो, हे तिच्या माहेरी माहीत होतं, सासरी माहीत होतं, आणि ऊसतोडीच्या टोळीत तर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं होतं. तिचा नवरा परमेश्वर म्हणायचा, हिला झोपेतसुद्धा कुणाचं तरी चुकलेलं दिसतं. तो स्वतः बोलायला जड. दिवसभर दोघं एका फडात काम करत असली तरी आवाज एकटीचाच यायचा.

पोखर्णीच्या पलीकडच्या खेड्यातली ही दोघं. थोडं कोरडवाहू रान, त्यावर वर्ष निघत नसे, म्हणून दसरा झाला की लेकीला आजीजवळ ठेवून टोळीबरोबर कारखान्यावर जायची. एका हंगामात टोळीतली एक बाई तापानं फणफणली. मुकादम म्हणाला, ट्रॉली भरलीय, ती कारखान्यावर खाली झाल्याशिवाय ट्रॅक्टर दवाखान्याकडं जायचा नाही. मनिषानं कोयता खाली टाकला आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मुकादमानं आधी शिव्या दिल्या, मग हात जोडले, शेवटी कुणाची तरी मोटारसायकल मागून आणली. बाई वाचली. पण पुढच्या दसऱ्याला त्या मुकादमानं मनिषा आणि परमेश्वरला टोळीत घेतलं नाही, आणि दुसऱ्या मुकादमांनाही सांगून ठेवलं की ही जोडी नको.

अशी ती दोघं परभणीला आली. मिळेल ते काम करू लागली. कधी मोंढ्यात हमाली, कधी बांधकामावर. त्यातच शहराच्या कडेला शिवशंकरच्या रानात टर्फचं काम निघालं.

शिवशंकर चांगल्या जमीनदार घरातला. शहर वाढत वाढत त्याच्या काळ्या रानाच्या बांधाला येऊन टेकलं होतं. तिथं आधी कापूस आणि तूर व्हायची. आता तिथं प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरून, चारी बाजूंनी जाळी मारून, दिवे लावून क्रिकेट-फुटबॉलला तासावर जागा द्यायची, असं त्यानं ठरवलं. माणूस वागायला गोड. कुणाला अरे-तुरे करायचा नाही, आवाज कधी चढायचा नाही. मजुराला दादा आणि बाईला ताई म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. त्याच्या ह्या गोडपणाचा मनिषाला पुढं जेवढा संताप आला, तेवढा मुकादमाच्या शिव्यांचाही कधी आला नव्हता.

काम घेतलं होतं धम्मदीपनं. तो परभणीचाच, पण कितीतरी वर्षं पुण्यात टर्फ टाकायचं काम करून परत आलेला. त्यानं शिवशंकरला सुरुवातीलाच सांगितलं होतं की काळी माती पावसाळ्यात फुगती आणि उन्हाळ्यात फाटती. ती चांगली खोल उकरून काढा, मुरूम आणि खडी भरा, रोलर फिरवा, चारी बाजूंनी नाली काढा आणि मग वर गवत टाका. शिवशंकरनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि करायच्या वेळी निम्मंच खोदलं. नाली दोन बाजूंनी काढली. शेजारच्या शेताकडचा लांबचा कोपरा तसाच राहिला. धम्मदीपनं वाद घातला तेव्हा तो म्हणाला, दादा, आधी सुरू तर होऊ द्या, कोपऱ्याचं पुढच्या वर्षी बघू. मुरमाची घमेली वाहताना मनिषानं हे सगळं ऐकलं होतं.

काम संपलं आणि तिथं राहायला, राखायला माणूस लागणार होतं. धम्मदीपनं ह्या दोघांचं नाव सुचवलं. गेटजवळ पत्र्याची खोली मिळाली. लेक भक्ती आजीकडून परभणीच्या शाळेत आली. मनिषाच्या आयुष्यात पहिल्यांदा दसरा आला आणि बिऱ्हाड बांधायचं काम पडलं नाही.

टर्फची निगा धम्मदीपनंच तिला शिकवली. गवताच्या पात्यांमध्ये वाळू आणि काळ्या रबराचे बारीक दाणे पसरलेले असतात, ते खेळून खेळून कडेला जातात. मग मोठ्या ताठ झाडूनं पात्यांच्या उलट्या दिशेनं झाडत त्यांना परत मध्ये आणायचं. पाला कुजू द्यायचा नाही. पावसाळ्यात सावलीच्या बाजूला शेवाळं धरतं, ते खरडून काढायचं. गवताचे पट्टे जिथं एकमेकांना भिडतात तिथं खालून टेप आणि गोंद असतो. तो जोड कुठं सुटतोय का, हे रोज सकाळी अनवाणी चालून बघायचं. डोळ्यांच्या आधी तळपायाला कळतं.

मनिषा हे करायची आणि वर पहाराही द्यायची. गुटखा खाऊन आत पाय टाकला की तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. खिळ्यांचे बूट घालून आलेल्या पोरांना ती गेटवरूनच परत पाठवायची, मग ती कुणाची का असेनात. एकदा कुठल्याशा साहेबाच्या पोरानं, तुला माहीत आहे का माझे पप्पा कोण आहेत, असं विचारलं. तिनं सांगितलं की मला मालूम न्हाई, घरी जाऊन तुझ्या आईला विचार. हे ऐकून शिवशंकर पोट धरून हसला होता. तेव्हा त्याला तिचा राग आवडायचा, कारण तो त्याच्या मालाच्या राखणीला उपयोगी पडत होता.

पहिला पावसाळा निभला. दुसऱ्या पावसाळ्यात काळ्या मातीनं आपला गुण दाखवला.

शेजारच्या शेतातलं पाणी त्या लांबच्या कोपऱ्यात मुरत राहिलं. खालची माती फुगून मध्ये उंचवटा आला आणि त्याच्या कडेला घळ पडली. वरचं गवत ताणलं गेलं आणि जोड उसवायला लागला. पाय टाकला की खालून चिळकन पाणी वर यायचं, कुबट वास सुटायचा. मनिषानं शिवशंकरला सांगितलं. तो येऊन बघून गेला. पुन्हा सांगितलं, तर म्हणाला, "ताई, आता टेप लावून घ्या. चषक होऊ द्या. दिवाळीनंतर सगळा कोपरा उकरू."

हा चषक म्हणजे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्तचे क्रिकेटचे सामने. शिवशंकरनं तो मोठ्या खटपटीनं आपल्या टर्फकडं वळवला होता. शहरात तोवर आणखी टर्फ झाली होती आणि त्याला नाव करायचं होतं.

मनिषानं टेप लावली. हवा अशी की वाळत घातलेलं कापड दोन दिवस ओलंच. गोंद धरेना, हाताला नुसता चिकट लागायचा. तिनं जोडावर विटा ठेवल्या, दाबला, पुन्हा लावला. ह्यात काही राम नाही हे तिला कळत होतं. म्हणून तिनं चार काठ्या रोवून कोपऱ्याभोवती दोरी बांधली आणि तिकडं कुणी जायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. दोन दिवसांनी संध्याकाळच्या खेळणाऱ्यांनी कुरकुर केली, पैसे पूर्ण जागेचे घेता आणि कोपरा बंद कामून ठेवता म्हणून. शिवशंकरनं परमेश्वरला दोरी सोडायला सांगितली. मनिषा बाजारात गेली होती. परत आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, तर तो खाली मान घालून म्हणाला की मालकाचा हुकूम होता.

आता राजेश्रीचं सांगायला हवं. राजेश्री बोरीची. बाप बन्सीधर लहानसा शेतकरी. ही थोरली लेक. पोलीस भरतीची तयारी करायला ती परभणीत चार पोरींबरोबर खोली करून राहत होती. उन्हाळ्यात ह्या पोरी रस्त्यानं पळायच्या, मोकळ्या मैदानावर सराव करायच्या. पावसाळा लागला की मैदानाचा चिखल होतो. परभणीची काळी माती एकदा बुटाला धरली की पाय किलोकिलोनं जड होतात, पळणं लांबच राहिलं. रस्त्यावर पहाटे ट्रक आणि अंगावर येणारी कुत्री. म्हणून पोरींनी वर्गणी काढून टर्फचा पहाटेचा तास घेतला होता. जाळीपासून जाळीपर्यंत पळायचं, हात टेकवायचा, वळायचं, परत पळायचं.

राजेश्री त्यांच्यात सगळ्यात बारीक आणि सगळ्यात वेगवान. पळताना तिच्या पायाचा आवाज येत नसे. मनिषा झाडू थांबवून तिच्याकडं बघायची. तिच्या भक्तीला पळण्याची आवड नव्हती, ह्याचं मनिषाला थोडं वाईटही वाटायचं. सराव झाला की राजेश्री पत्र्याच्या खोलीच्या दारात येऊन बसायची, मनिषाला मावशी म्हणायची, आणि वर्दी मिळाली की पहिला फोटो तुमच्यासंगं काढणार असं सांगायची. मैदानी चाचणी तोंडावर आली होती.

दोरी सुटल्याचं मनिषाला संध्याकाळी कळलं. सकाळी पोरी आल्या तेव्हा दोरी सुटली तरी कोपरा तसाच आहे, हे ती त्यांना सांगायला निघालीच होती, तोवर गेटवर दूधवाला आला. ती दूध घेऊन वळते तोच आवाज आला. आधी काहीतरी फाटल्यासारखा आणि मग किंकाळी.

राजेश्री वळणावर होती. उसवलेल्या पट्ट्याखाली तिचा पाय गेला आणि अडकला, अंग पुढं गेलं, पाय तिथंच राहिला. मनिषा धावत पोचली तेव्हा पोरगी दोन्ही हातांनी गुडघा धरून पडली होती आणि रडत नव्हती, नुसती तोंडानं श्वास घेत होती. मनिषानं तिचं पाऊल गवताखालून सोडवलं. हाताला टेपचा चिकट गोंद लागला, तिनं स्वतः लावलेला. परमेश्वरनं रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याच्या आतला दोर तुटलाय, ऑपरेशन लागेल, आणि ह्या वर्षी पळायचं नाव काढायचं नाही. हे ऐकल्यावर मात्र राजेश्री रडली.

शिवशंकर दवाखान्यात आला. फळं घेऊन आला. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि बाहेर येऊन मनिषाला एका बाजूला घेऊन म्हणाला की ताई, उद्या कुणी विचारलं तर आपण एकच सांगायचं, पोरी खिळ्यांचे बूट घालून आल्या होत्या आणि ठरलेल्या वेळेच्या आधीच आत शिरल्या होत्या. ज्या बाईनं साहेबाच्या पोराला खिळ्यांच्या बुटांसाठी गेटवरून हाकललं होतं, तिच्याच तोंडून हा माणूस हे वदवून घेणार होता.

"खोटंय ते," ती म्हणाली.

"खोटं-खरं नंतर. चषक चार दिवसांवर आलाय. आणि एक लक्षात ठेवा ताई, टेप तुम्हीच लावलीय." त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर टर्फवर आला. अंगात धुतलेला सदरा, पायांत प्लास्टिकच्या चपला, त्या त्यानं गेटच्या बाहेरच काढल्या. त्याला भांडायचं नव्हतं, भरपाईही मागायची नव्हती. आपली लेक पडली कशी, एवढंच त्याला बघायचं होतं. शिवशंकर खुर्चीतून उठला, त्याला बसायला दिलं, आणि सगळं सांगितलं. खिळ्यांचे बूट. वेळेच्या आधी येणं. नियम पाळायचे नाहीत आणि मग असं होतं. मला फार वाईट वाटतं काका, मलाही लेक आहे. आमच्या टर्फचंही नुकसान झालं, पण त्याचं मी काही बोलत नाही.

आणि बन्सीधरनं हात जोडले. तो शिवशंकरला म्हणाला, "लेकराची चूक झाली साहेब. तुमचं नुकसान झालं. माफ करा."

मनिषा झाडू धरून तिथंच उभी होती. जन्मभर जी बाई बोलल्याशिवाय राहिली नव्हती, तिच्या घशातून त्या क्षणी आवाज फुटला नाही. टेप तुम्हीच लावलीय, हे वाक्य तिच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं. बन्सीधर उठला, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि रस्त्याला लागला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. ज्याच्या लेकीचा पाय मोडला तो माफी मागून जातो, आणि ज्यानं मोडला तो माफ करतो, आणि हे सगळं आपण झाडू धरून बघतो. तिला शिवशंकरचा राग आला, दोरी सोडणाऱ्या नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आपल्या बंद राहिलेल्या तोंडाचा आला.

ती झाडू टाकून तशीच दवाखान्यात गेली. बन्सीधर लेकीच्या पायाशी बसला होता. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं.

"दादा, तुमच्या लेकीची काही चूक न्हाई. तिच्या पायात साधे बूट होते. कोपरा पावसाळाभर उसवलेला हाय. टेप म्या लावली, ती टिकणार न्हाई हे मला ठावं होतं. दोरी बांधली, ती मालकानं सोडायला लावली. तुमी कुणाची माफी मागू नका."

बन्सीधरनं एवढंच विचारलं, की मग तो एवढा शिकलेला माणूस माझ्या तोंडावर असं कसं बोलला? राजेश्रीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मावशीवर ती रागावली होती का, हे मनिषाला त्या दिवशी कळलं नाही, आणि विचारायचा तिला धीरही झाला नाही.

परत आली तर टर्फवर गडबड. शिवशंकरनं एक मोठी रबरी चटई मागवली होती. कोपऱ्यात जोड पुन्हा चिकटवायचा, वर चटई टाकायची, तिच्यावर पुढाऱ्याच्या फोटोचा फलक उभा करायचा. मनिषानं सांगितलं की हे मी करणार नाही. चेंडू अडवायला कुणीतरी तिकडं धावणार, आणखी एकाचा पाय जाणार. शिवशंकर म्हणाला, ठीक आहे ताई, तुम्हाला जमत नसेल तर दुसरं कुणी करेल, काम करायला माणसं खूप आहेत.

त्या संध्याकाळी तिनं परमेश्वरला काय करणार ते सांगितलं. खोली जाईल, भक्तीच्या शाळेचं बघावं लागेल, हे तिनंच बोलून दाखवलं. परमेश्वर ऐकत राहिला. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

चषकाच्या दिवशी उजाडल्यावर, मांडववाले यायच्या आत, मनिषा कटर घेऊन कोपऱ्यात गेली. वरची चटई बाजूला ओढून, उसवलेल्या जोडापासून सुरुवात करून तिनं पट्टा सोडवत नेला. जिथं गोंद धरून होता तिथं कापला. ओल्या घोंगडीसारखं जड झालेलं ते गवत तिनं गुंडाळत गुंडाळत मागं लोटलं. खाली मुरमाचा पातळ थर होता, तो कधीच चिखलात बुडाला होता. वास असा आला की तिनं पदर नाकाला लावला. आणि मग ती फावड्यानं खोदू लागली. काळी, चिवट, साबणासारखी माती. फावड्याला धरायची, झटकली तरी सुटायची नाही. मागं कुणाची तरी चाहूल लागली म्हणून तिनं वळून पाहिलं, तर परमेश्वर घमेलं घेऊन उभा होता. त्यानं घमेलं खाली ठेवलं आणि तिच्या हातातलं फावडं घेतलं.

शिवशंकर आला तेव्हा कंबरेएवढा खड्डा झाला होता आणि मातीचा ढीग जाळीला टेकला होता. संघ यायला लागले होते. पोरं पांढऱ्या कपड्यांत खड्ड्याच्या काठावर उभी राहून आत वाकून बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा शिवशंकरचा आवाज चढला. त्यानं मनिषाला वेडी म्हटलं, नमकहराम म्हटलं, पोलिसांत देईन म्हटलं. ताई म्हणायचं विसरला.

मनिषा खड्ड्यातून वर आली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"द्या पोलिसात. मी इथंच बसते. पोलीस आले की त्यांना हा खड्डा दावा, अन् राजेश्रीचा गुडघा बी दावा. बन्सीधरदादाला ज्या तोंडानं खिळ्यांचे बूट सांगितले, त्याच तोंडानं ह्या पोरांच्या देखत पुन्ना सांगा. सांगा की, मी ऐकायलेय."

शिवशंकरनं आजूबाजूला पाहिलं. पोरांतले काहीजण फोन काढून खड्ड्याचे फोटो घेत होते. एका संघाचा कप्तान पुढं झाला, त्यानं खड्ड्याच्या काठावर शिल्लक राहिलेल्या गवतावर पायानं दाब दिला, तसं तिथूनही पाणी वर आलं. तो आपल्या पोरांना म्हणाला की चला, इथं खेळायचं नाही. पुढाऱ्याला फोन गेले, दुपारपर्यंत सामने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टर्फवर हलले, आणि फोटोचा फलक टेम्पोत आडवा घालून तिकडं गेला. पोलिसांत कुणीच गेलं नाही.

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला लागली. भांडी, गाद्या, भक्तीचं दप्तर, सगळं एका रिक्षात मावलं. पुढचे काही महिने वाईट गेले. शिवशंकरनं जिथं जिथं त्याचं चालत होतं तिथं सांगितलं, ही बाई मालकाचं नुकसान करते. मोंढ्यात हमालीला गेलेल्या परमेश्वरला दोन ठिकाणी नकार मिळाला. शेजारणी मनिषाला समजावायच्या की पोटापुरतं मिळत होतं, कशाला लाथ मारलीस. तिनं समजुतीच्या गोष्टी ऐकून घेतल्या आणि एकीलाही उत्तर दिलं नाही, ह्याचं तिच्या ओळखीच्यांना नवल वाटलं.

मग धम्मदीपनं बोलावलं. नांदेड, हिंगोली, लातूर, सगळीकडं टर्फ झाली होती आणि सगळीकडं खाली तीच काळी माती होती, त्यामुळं दुरुस्तीचं काम तुंबलेलं होतं. मनिषा त्याच्या टोळीत जायला लागली. जिथं जाईल तिथं आधी नाली कुठंय ते विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर भांडायची. धम्मदीप कधीकधी वैतागायचा. तुझ्यामुळं गिऱ्हाईक पळतं, असं म्हणायचा. पण दुसऱ्या कामाला पुन्हा तिलाच फोन करायचा.

राजेश्रीचं ऑपरेशन झालं. खर्च बन्सीधरनं केला, शिवशंकर फळांच्या पिशवीनंतर पुन्हा फिरकला नाही. ती भरती तिच्या हातून गेली. पुढच्या भरतीला ती उतरली, लेखी चांगली लिहिली, पण पळताना गुडघा वळणावर कचरतो आणि वेळ थोडक्यात हुकली. वय अजून हातात आहे. ती बोरीला रस्त्यानं पळते. मनिषा एकदा बोरीला तिच्या घरी गेली होती. राजेश्रीनं चहा केला, मावशी म्हटलं, भक्तीची चौकशी केली. पण वर्दीतल्या फोटोचं ती बोलली नाही, आणि मनिषा परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळा वेळ दातओठ खात बसली. लोक म्हणतात, जाऊ दे, पोरगी चालायला लागली, तूही कामाला लागलीस, सगळं बरं झालं की. असं कुणी म्हटलं की तिचं डोकं उठतं. काय बरं झालं, असं ती विचारते. त्या पोरीचं गेलेलं वर्ष कुणी आणून दिलं? बापानं हात जोडून मागितलेली माफी कुणी परत केली?

शिवशंकरच्या टर्फचं गिऱ्हाईक खड्ड्याचे फोटो फिरल्यावर आटलं होतं. दोन उन्हाळे त्यानं तसेच ढकलले, शेवटी धम्मदीपला बोलावलं. धम्मदीपनं मनिषाला विचारलं, येतीस का. परमेश्वरला वाटलं ही भडकणार. पण ती गेली. तिथं खेळणाऱ्या पोरांचं त्या माणसाशी काही देणंघेणं नाही, त्यांच्या पायाखाली नीट असायला पाहिजे, एवढंच ती बोलली. ह्या वेळी पूर्ण जागा उकरली. खोल खणली, मुरूम आणि खडी थराथरानं भरली, धुम्मसानं ठोकली, रोलर फिरवला. चारी बाजूंनी नाली निघाली आणि ती लांबच्या ओढ्याला नेऊन सोडली. कडक उन्हात गोंद बघता बघता धरला. शिवशंकर रोज यायचा, लांब उभा राहायचा. मनिषाशी तो बोलला नाही, आणि झाल्या गोष्टीबद्दल त्याच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही.

काम संपलं त्या दिवशी टोळी सामान टेम्पोत भरत होती आणि शिवशंकरची माणसं गेटवर नवा फलक बसवत होती. मनिषानं भक्तीला फोन लावून त्याचा फोटो पाठवला आणि वाचून दाखव म्हणून सांगितलं, कारण अक्षरं बारीक होती. भक्तीनं वाचलं: येथे खेळताना होणाऱ्या कोणत्याही इजेस खेळाडू स्वतः जबाबदार राहील. व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.

मनिषानं फोन कमरेला खोचला आणि सरळ शिवशंकरसमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्याला तो फलक उतरवायला सांगितला. शिवशंकर म्हणाला, ताई, सगळीकडंच असा फलक असतो, वकिलानं लावायला सांगितलाय. ती म्हणाली की सगळीकडं असंल, पर इथं लावायला तुमाला लाज वाटाय पाहिजे होती. त्यानं खांदे उडवले आणि गाडीकडं गेला. धम्मदीपनं तिला दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला ती टेम्पोत चढली, आणि हिंगोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत तिनं त्याला एकदाही बोलू दिलं नाही. फलक अजून तिथंच आहे, आणि त्या रस्त्यानं जाणं झालं की ती रिक्षावाल्याला, शेजारी बसलेल्याला, जो भेटेल त्याला त्या कोपऱ्यात काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगते.